वाटेकऱ्याला प्राणहितेवर सोडताना

चंद्रपूर-गडचिरोलीहून परत येऊन आता महिना-दीड महिना होईल. साताऱ्यात भेटेल तो एकच विचारतो, वाघ दिसला का? नाही दिसला. मी एक पाणमांजर पाहिलं आणि त्याला सांभाळणारी एक बाई पाहिली, असं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि बोलणं पाण्याच्या टंचाईवर जातं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

जायचं कारण सरकारी होतं. जखमी झालेले किंवा आईवेगळे सापडलेले वन्यप्राणी कुणी सांभाळायचे, कुठवर सांभाळायचे, कुठला पुन्हा जंगलात सोडायचा आणि कुठला सोडायचा नाही, याची नियमावली करायला एक छोटी समिती नेमली होती. दोन हजार सालानंतर अशा समित्यांचं पीकच आलं आहे. पशुवैद्य म्हणून तीत माझी वर्णी लागली. माझं आयुष्य गाई-म्हशींच्या गोठ्यात गेलेलं आणि स्वभाव तिरसट, हे नेमणाऱ्यांना ठाऊक असावं. प्राण्यांना ‘गोजिरवाणं’ म्हणणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. बाकीच्या सदस्यांनी मसुद्याचं काम नागपुरात बसून करायचं ठरवलं आणि मला सांगितलं, बाई, तुम्ही तेवढं जंगल बघून या.

मोहर्ली

वरोऱ्याला गाडीतून उतरले तर स्टेशनबाहेर रशीदभाई जीप घेऊन उभे होते. वनखात्याला भाड्याने गाडी देणारा हा वरोऱ्याचाच माणूस. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, धाकटा भाऊ शिलाईकाम करतो, यांना मात्र लहानपणापासून चाकाखाली रस्ता लागतो. कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग चुकवत त्यांनी गाडी बाहेर काढली आणि गाव संपायच्या आत माझ्या घरची सगळी चौकशी करून घेतली. आमच्याकडे अनोळखी बाईला इतके प्रश्न विचारत नाहीत. तिकडे विचारले नाहीत तर माणूस घुम्या ठरतो.

फेब्रुवारी सरत आला होता. पळसाला पान नव्हतं, नुसती फुलं. मोहर्लीच्या विश्रामगृहात वनरक्षक मडावी भेटले. पुढचे सगळे दिवस ते माझ्याबरोबर होते. कमी बोलणारा, उंच, गोंड माणूस. दुपारी भात, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी असं जेवण झालं. पोळी कुठेच नाही. भाताशिवाय जेवण झालं असं तिथे कुणी मानत नाही, आणि माझी भाताची सवय किती तुटपुंजी आहे ते रात्रीपर्यंत पोटाने मला कळवलं.

जेवणानंतर मडावींनी गावातल्या एका चितळाची गोष्ट सांगितली. कुणीतरी गवतात एकटं बसलेलं पाडस पोरकं समजून घरी आणलं होतं. आई बहुतेक जवळपासच चरत असणार, पण एवढा विचार करायला कुणाला सवड नसते. पाडस शेळीच्या दुधावर वाढलं, अंगणात लेकरांत खेळलं. मोठं झालं, शिंगं आली, आणि ज्या बाईने पाजलं तिच्याच मांडीत त्याने शिंग घातलं. मग त्याला जंगलात नेऊन सोडलं. ते संध्याकाळी गावाकडे परत निघालं आणि वाटेत कुत्र्यांनी धरलं.

मडावी म्हणाले, “म्याडम, त्याले मानसाचं भेव नव्हतं अन् कुत्र्याचंबी नव्हतं. भेव नाई तं जंगलात जगून काय राह्यला तो?”

हाताने भरवलेला आणि माणसाच्या जवळ येणारा प्राणी जंगलात सोडायचा नाही, त्याने जन्मभर पिंजऱ्यातच राहायचं, असा नियम मी त्याच दुपारी मनाशी पक्का केला. कठोर वाटला तरी मला तो बरोबर वाटत होता. दुसऱ्या दिवशी ज्या पाणमांजरासाठी आम्ही निघालो, त्याच्या बाबतीतही तोच लावायचा होता. वनखात्याने प्राणिसंग्रहालयाशी बोलून ठेवलं होतं. माझ्या होकाराची तेवढी वाट होती.

तलावाकाठी

हे गाव मूलच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. त्याला लागून मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव आहे. तलावावर जाळं ओढणारी ढिवरांची घरं एका पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर वसलेली. आम्ही पोचलो तेव्हा मासळी नुकतीच काठाला लागली होती, आणि मी आधी जे पाहिलं ते पाणमांजर नव्हे, मासळीची वाटणी.

ओल्या पोत्यांवर मासळीचे सारखे ढीग करतात. जाळ्याला हात लावायला ज्या घरचं माणूस आलं, त्या घराला एक ढीग. आपला ढीग कुणी निवडायचा नाही. प्रत्येक घर आपली एक खूण देतं. कुणाचा चिंचोका, कुणाची बांगडीची काच, कुणाचं बटण. ढिगांकडे पाठ करून बसलेले एक म्हातारे, धोंडूबुवा, त्या खुणा ओंजळीत घेतात आणि मागे न बघता एकेक खूण एका पोराच्या हातात देतात, ते ती ओळीने ढिगांवर ठेवत जातं. ज्याची खूण, त्याचा ढीग. लहान आला, मोठा आला, कुणी हूं की चूं करत नाही. आमच्याकडे भाऊबंदकीत बांध कोरण्यावरून डोकी फुटतात, ते आठवून मला गंमत वाटली.

शेवटचा ढीग लहान होता. त्यावर भाजलेल्या मातीची एक गोळी होती. जाळं बुडावं म्हणून त्याच्या कडेला ज्या गोळ्या बांधतात, त्यातली एक. पोत्यावर मासे आपटल्याचा आवाज होताच पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं होतं. आता ते सरळ चालत आलं, माणसांच्या पायांमधून वाट काढत त्या गोळीच्या ढिगापाशी बसलं आणि खायला लागलं. मागचा पाय जरा ओढत होतं. कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं, जसं रांगेतल्या माणसाकडे बघत नाहीत.

त्याचं नाव वाटेकरी. त्याला वाढवणाऱ्या यशोदाबाई माझ्याच वयाच्या, हातावर गोंदण, बोलताना नजर पाण्यावर. त्यांचं म्हणणं मी चुलीपाशी बसून ऐकलं, मरळीचा रस्सा आणि भात खाताखाता. गावचा जुना रिवाज असा की जाळ्याच्या कामात कुणी दगावला, तर त्याचा वाटा बंद होत नाही. पोर स्वतः जाळं टाकू लागेपर्यंत तो त्या घराला मिळतो. यशोदाबाईंचा नवरा सांडव्यावर जाळं सोडवताना वाहून गेला. मुलगा विलास हाताशी येईपर्यंत नवऱ्याच्या खुणेवर त्यांना वाटा मिळाला. पुढे मागच्या हिवाळ्यात यांच्या जाळ्यात अडकून एक पाणमांजर गुदमरून मेलं आणि काठच्या बिळात पिल्लू ओरडत राहिलं. बाकीच्यांना पिल्लूही मारायचं होतं, कारण पाणमांजर म्हणजे मासळीचा वैरी. यशोदाबाई आड आल्या.

“बाई, त्याची माय आमच्याच जाळ्यात मेली,” त्या मला म्हणाल्या. “मंग तिचा वाटा त्याले नाई तं कोनाले?”

पुरुष आधी हसले होते. मग धोंडूबुवांनी जाळ्याची एक गोळी सोडून दिली, त्याची खूण म्हणून.

ऐकताना मला हा हिशोब पटला, हे कबूल करते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तपासलं आणि माझा पारा चढला. मांडीचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलं होतं. शेजारच्या गावच्या तलावावर वाटणी चालू असताना हा शहाणा तिथेही ढिगापाशी जाऊन बसला आणि त्या लोकांनी काठीने हाणला. त्यांना काय ठाऊक, हा वाटेकरी आहे म्हणून? तो मासे उत्तम पकडत होता, ते मी स्वतः पाहिलं. पोहायला पाय आडवा येत नव्हता. पण जगात जिथे म्हणून पोत्यावर मासे आपटतात तिथे आपला हक्काचा ढीग असतो, अशी त्याची समजूत या भल्या लोकांनी करून दिली होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं की तुम्ही याच्यावर दया केली नाही, याला मरायला शिकवलंत. आता पिंजऱ्याशिवाय याला दुसरी जागा नाही.

रशीदभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझा आवाज मोठा वाटला. यशोदाबाई म्हणाल्या की वाटेकऱ्याचा वाटा केव्हाच बंद करायला हवा होता, चूक आमचीच.

वाटा बंद करायचीही रीत होती. पोर कामाला आलं की त्या दिवशी त्याने वाटणीच्या जागी येऊन उभं राहायचं. सगळे ढीग लागतात, खुणा पडतात, पण त्याची खूण ठेवत नाहीत. आई तिथेच असते, पण तिने त्याच्याकडे पाठ करायची. पोराने सगळ्यांची मासळी उचललेली बघायची आणि रिकाम्या हाताने घरी जायचं. विलास तसा गेला होता आणि दोन दिवस आईशी बोलला नव्हता. नंतर ती खूण त्याच्या स्वतःच्या जाळ्यात बांधली. पोर मधेच मेलं, तर मात्र खूण पाण्यात सोडून देतात.

“मंग याचं काऊन नाई केलं?” मडावींनी विचारलं.

“कोनाचं मन होत नव्हतं, भाऊ,” यशोदाबाई म्हणाल्या. “मुकं जनावर, त्याले काय सांगावं?”

मी बाहेर पाळीवर जाऊन बसले. जे त्यांनी केलं नव्हतं, तेच करून बघितलं तर? या तलावावर ते जमणार नव्हतं, इथला प्रत्येक हात त्याच्या ओळखीचा. पण अहेरीजवळ प्राणहितेच्या पात्रात पाणमांजरांचा कळप होता, मडावींनी तो पाहिला होता. तिथे नेऊन, अनोळखी माणसांच्या वाटणीत त्याला उपाशी परतवायचं. तो फिरला तर नदीचा. नाही फिरला, पुन्हापुन्हा ढिगापाशी येत राहिला, तर तिथूनच पिंजऱ्यात घालून प्राणिसंग्रहालयात पाठवायचा. वनखात्याच्या साहेबांना मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चार-पाच दिवस घ्या, मग मला तुमचं मत सांगा. यशोदाबाई बरोबर येणार असतील तरच हे करायचं, हेही मीच म्हटलं. पाठ फिरवणारं माणूस त्याच्या आईच्या जागी असायला हवं होतं.

अहेरीकडे

वैनगंगेच्या पुलावर यशोदाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून नदीला नमस्कार केला. पुलापलीकडे त्या कधी गेल्याच नव्हत्या. मागे पिंजऱ्यात ओल्या गवतावर वाटेकरी शिट्टीसारखा आवाज करत होता, आणि रशीदभाई दर थोड्या वेळाने गाडी थांबवून त्याच्यावर पाणी शिंपडत होते. “म्याडम, हे तं रडून राह्यलं,” ते म्हणाले. रडत नाही, बोलावतंय, असं मी त्यांना समजावलं. त्यांना फरक पटला नाही.

पुढे आष्टीच्या अलीकडे टायर बसलं. स्टेपनीही बसलेली निघाली, तेव्हा रशीदभाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि चाक घेऊन एका ट्रकवर बसून गेले. आम्ही सावलीत बसलो. रस्त्याच्या कडेला बायका मासे विकत होत्या. त्यातल्या एकीने टोपली पोत्यावर उलटी केली. ओले मासे आपटल्याचा आवाज झाला मात्र, वाटेकऱ्याने पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून असा काही आकांत मांडला की नाकातून रक्त आलं. यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुढे काय होणार आहे ते आम्हा दोघींनाही तिथेच दिसलं. परत फिरावं असं मला वाटलं, आणि मी तसं बोलून दाखवलं.

“आता नाई, बाई,” त्या म्हणाल्या. “आता फिरलो तं पिंजराच हाय.”

प्राणहिता

अहेरीचा बाजार त्या दिवशी भरलेला होता. मोहफुलं, बांबूच्या टोपल्या, सुकी मासळी, आणि मराठी, गोंडी, तेलुगू यांची अशी सरमिसळ की मी दुकानदाराशी खुणांनीच बोलले. नदी तिथून जवळ. पात्र अवाढव्य, मधे वाळूचे लांबच लांब पट्टे, पलीकडचा काठ दुसऱ्या राज्याचा. वाळूवर मला पाणमांजरांची ताजी विष्ठा दिसली, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी. इतकी घाण बघून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

तिथल्या कोळ्यांचे म्होरके पोचमभाऊ. मडावींनी त्यांना सगळं गोंडीत आणि तेलुगूत मिळून समजावलं. पोचमभाऊंनी यशोदाबाईंना विचारलं, तुमच्याकडे वाटणीला खुणा कशाच्या? त्यांनी सांगितलं. आमच्याकडे पानांच्या, ते म्हणाले, आणि तेवढ्यावर दोघांची ओळख झाली. मदत करायला ते तयार होते. पण साफ बोलले. आमची पोरं दोन-चार दिवस कळ काढतील, नंतर हे जनावर टोपलीला तोंड लावताना दिसलं तर मी कुणाचा हात धरू शकणार नाही.

पिंजरा उघडला. वाटेकरी पाण्यात शिरला आणि इतक्या मोठ्या पाण्यात गोंधळून परत काठाला आला. मग पुन्हा गेला. दुपारभर तो दिसत होता. संध्याकाळी वाटणी लागली. पहिला मासा पोत्यावर पडला आणि वाटेकरी लांबून सरळ रेषेत आला, वाळूवर चढला, ढिगांसमोर बसला. खुणेची पानं पडली. त्याच्यासाठी काही नव्हतं. तो एकेका ढिगाला हुंगत गेला, माणसं आपापला ढीग उचलत गेली. मग तो यशोदाबाईंकडे वळला. त्या त्याच्याकडे पाठ करून वाळूत बसल्या होत्या. त्याने त्यांच्या पाठीला ओलं तोंड लावलं. त्या हलल्या नाहीत. पुढे येऊन तो त्यांची बोटं चाटू लागला तेव्हा त्यांनी हात पदरात घेतला, आणि मी ठरल्याप्रमाणे ओलं फोक त्याच्या जवळ आपटलं. तो दचकून मागे सरला, पण गेला नाही. अंधार पडेपर्यंत शिट्ट्या मारत बसून राहिला.

यशोदाबाईंनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही. मीही फारसं घेतलं नाही. गोठ्यात मी कितीतरी जनावरं मारून मोकळी केली आहेत. ते मला या एका फोकापेक्षा सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. उलट जास्त वाईट, कारण त्याने एका टोपलीला तोंड घातलं आणि एका कोळ्याने वल्हं उगारलं. यशोदाबाई ताडकन उठल्या. मला वाटलं, या आता त्याला उचलून घेणार आणि सगळं संपणार. त्यांनी वाळूतलं ओलं ढेकूळ उचललं आणि त्याला मारलं. नेम चुकू दिला नाही. ढेकूळ त्याच्या खांद्यावर फुटलं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दुसरं उचललं.

“जाय,” त्या ओरडल्या. “तुह्या मायचा वाटा सरला. आता तुहं तू काढ.”

तो पाण्यात गेला. तिसरं ढेकूळ त्यांनी पाण्यातही मारलं, आणि मग तिथेच मटकन बसून हुंदके देऊ लागल्या. पोचमभाऊंनी आपल्या माणसांना हाताने मागे सारलं. कुणी जवळ गेलं नाही. मी गेले, कारण मला राहवलं नाही. आम्ही दोघी वाळूवर बसून रडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पुढच्या संध्याकाळी वाटणी लागली. मासे आपटले. लांब पाण्यात डोकं वर आलं, हे सगळ्यांनी पाहिलं. ते डोकं बराच वेळ तसंच राहिलं, आमच्याकडे तोंड करून. मग बुडालं आणि पलीकडे, वाळूच्या पट्ट्याआड निघालं. पट्ट्याआडून त्याची शिट्टी आली. मागोमाग दुसरी आली, ती त्याची होती की कळपातल्या कुणाची, ते मला ठरवता आलं नाही. नंतर आम्ही होतो तोवर वाटणीला तो आला नाही. पट्ट्यापलीकडे कळप दोनदा दिसला, पण त्यात मागचा पाय ओढणारा एक आहे का, हे इतक्या लांबून सांगता येत नव्हतं.

मी साहेबांना फोन करून सांगितलं की पिंजरा पाठवू नका. तो जिवंत आहे का, असं त्यांनी विचारलं. ठाऊक नाही, मी म्हणाले. मडावी अहेरीला लक्ष ठेवायला थांबले.

परत

नियमावलीत मी नंतर काय काय लिहिलं, ते सगळं इथे सांगत बसत नाही. हाताने वाढवलेल्या प्राण्याला सोडण्याआधी, ज्याने वाढवलं त्याच्याच देखत आणि त्याच्याच हातून उपाशी परतवावं, असं एक कलम मी घातलं होतं. बाकीच्यांनी ते क्रूर म्हणून काढलं. मी पुन्हा घातलं. अजून भांडण चालू आहे.

परतीच्या वाटेवर यशोदाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. वाटेकऱ्याच्या खुणेची मातीची गोळी त्यांच्या मुठीत होती. ती त्यांनी अहेरीला येताना आणली होती, हे मला तेव्हाच कळलं.

वैनगंगेचा पूल आला तेव्हा रशीदभाईंनी न सांगताच गाडी हळू केली. मेलेल्या पोराची खूण पाण्यात सोडायची रीत तलावाकाठी त्यांनीही ऐकली होती. खिडकीची काच खाली होती, खाली संथ पाणी होतं. यशोदाबाईंनी मूठ उघडून गोळीकडे पाहिलं. मग पदराच्या टोकात ती घट्ट गाठून कमरेला खोचली.

“चालू द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “घरी जाळं हाय.”